जावास्क्रिप्टमध्ये मूल्याचा डेटा टाइप कसा तपासावा

गृहनिर्माण सोसायटीच्या सदस्यांसाठी एक साधे पान तयार करायचे आहे, असे समजा. एका रकान्यात मासिक देखभाल शुल्क भरायचे, दुसऱ्यात उशिरा भरणा केल्याबद्दलचा दंड लिहायचा आणि बटण दाबले की खाली एकूण रक्कम दिसायची. शुल्क २५०० रुपये आणि दंड ५०० रुपये भरल्यावर पानावर ३००० ऐवजी २५००५०० असा आकडा उमटतो. ब्राउझरने कोणतीही त्रुटी दाखवलेली नसते, तरीही उत्तर चुकलेले असते. रकान्यांतून आलेली दोन्ही मूल्ये संख्या नसून स्ट्रिंग, म्हणजे मजकूर असतात, आणि अधिक चिन्हाच्या एका जरी बाजूला स्ट्रिंग आली तरी जावास्क्रिप्ट बेरीज न करता दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून टाकते. त्याच दोन मूल्यांची वजाबाकी केली तर मात्र २००० हे बरोबर उत्तर येते, कारण वजा चिन्ह दोन्ही स्ट्रिंगचे आधी संख्येत रूपांतर करून घेते. एका ठिकाणी चालणारा कोड दुसऱ्या ठिकाणी का फसतो, हे त्यामुळे नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही.

जावा किंवा सी या भाषांमध्ये व्हेरिएबल, म्हणजे मूल्य साठवण्यासाठी नाव दिलेली जागा, घोषित करतानाच सहसा त्याचा टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, लिहावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये टाइप व्हेरिएबलला नसतो, त्यात त्या क्षणी असलेल्या मूल्याला असतो, आणि ते मूल्य पुढच्याच ओळीत बदलू शकते. म्हणूनच मूल्य हातात आल्यावर ते नेमके काय आहे, हे विचारण्याची जबाबदारी कोड लिहिणाऱ्यावर येते.

उदाहरणांविषयी एक सूचना आधीच देतो. या लेखात जावास्क्रिप्टचे शब्द आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत, परंतु प्रत्यक्ष टंकताना भाषेचे राखीव शब्द व फंक्शनांची नावे रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी लिहावे लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी जावास्क्रिप्टला ती मान्य असतात, त्यामुळे शुल्क आणि दंड ही नावे जशीच्या तशी वापरून पाहता येतील.

पहिली पायरी: कन्सोलमध्ये टाइपऑफ वापरून पाहा

क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून एफ१२ हे बटण दाबा आणि कन्सोल हा भाग निवडा. तिथे टाइपऑफ (typeof) हा शब्द सलग आणि सर्व अक्षरे स्मॉल ठेवून लिहा, एक जागा सोडा आणि पुढे तपासायचे मूल्य लिहा.

टाइपऑफ २५०० → "नंबर"
टाइपऑफ "२५००" → "स्ट्रिंग"
टाइपऑफ ट्रू → "बूलियन"
टाइपऑफ अनडिफाइन्ड → "अनडिफाइन्ड"

बूलियन म्हणजे ट्रू (खरे) किंवा फॉल्स (खोटे) यांपैकी एक मूल्य, आणि अनडिफाइन्ड म्हणजे अजून कोणतेही मूल्य न दिलेले. टाइपऑफ हे फंक्शन (कंसात मूल्य घेऊन काम करणारा, नाव दिलेला कोड) नसून ऑपरेटर (अधिक-वजासारखे चिन्ह किंवा शब्द) आहे, त्यामुळे त्याला कंस लागत नाहीत. परंतु पुढे एखादी आकडेमोड असेल तर कंस जरूर द्यावेत, कारण टाइपऑफ ५ + ५ असे लिहिल्यास आधी पहिल्या पाचाचा टाइप काढला जातो, त्याला दुसरा पाच जोडला जातो आणि "नंबर५" असे विचित्र उत्तर मिळते. टाइपऑफचे उत्तर नेहमी स्ट्रिंगच असते, म्हणून तुलना करताना ते अवतरण चिन्हांत आणि पूर्णपणे स्मॉल अक्षरांत लिहावे लागते. "स्ट्रिंग" मधील एक अक्षर जरी कॅपिटल झाले तरी ब्राउझर तक्रार करत नाही, तुलना मुकाट्याने खोटी ठरते आणि अट कधीच पूर्ण होत नाही. अशी चूक शोधण्यात बराच वेळ जातो.

सध्याच्या जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफची उत्तरे आठ आहेत. वर आलेल्या चार उत्तरांखेरीज ऑब्जेक्ट (नावे दिलेल्या अनेक मूल्यांचा एकत्र गट), फंक्शन, २०१५ च्या आवृत्तीत आलेले सिम्बॉल आणि २०२० च्या आवृत्तीत आलेले बिगइंट ही उरलेली चार. नवशिक्याचा रोजचा संबंध सिम्बॉल आणि बिगइंट यांच्याशी क्वचितच येतो, त्यामुळे ती नावे ओळखता आली तरी पुरेसे आहे.

आणखी एक उपयोगी गुण असा की, कुठेही घोषित न केलेल्या नावापुढे टाइपऑफ लावले तर कोड थांबत नाही, "अनडिफाइन्ड" एवढेच उत्तर येते. याला अपवाद आहे: लेट किंवा कॉन्स्ट हे व्हेरिएबल घोषित करणारे शब्द वापरून खालच्या ओळीत घोषित केलेले नाव त्याच्या आधीच्या ओळीत टाइपऑफने तपासले तर त्रुटी येते.

दुसरी पायरी: टाइपऑफ कुठे अपुरे पडते ते ओळखा

टाइपऑफ नल असे लिहिल्यावर "ऑब्जेक्ट" हे उत्तर येते. नल म्हणजे काहीही नसल्याची मुद्दाम केलेली नोंद, त्यामुळे हे उत्तर उघडच चुकीचे आहे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत ही भाषा तयार केली, तेव्हा प्रत्येक मूल्यासोबत त्याचा प्रकार सांगणारे काही बिट साठवले जात आणि ऑब्जेक्टसाठी ती खूण शून्य होती. नल हे मूल्य सर्व बिट शून्य ठेवून दर्शवले जात असल्यामुळे प्रकार तपासणाऱ्या कोडला तेही ऑब्जेक्टच वाटले. ही चूक दुरुस्त करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, परंतु जुन्या उत्तरावर अवलंबून असलेली संकेतस्थळे बंद पडतील म्हणून तो स्वीकारला गेला नाही. ही चूक आता भाषेत कायमची आहे असे धरूनच कोड लिहावा.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो. सदस्याची माहिती ऑब्जेक्ट आहे का, हे टाइपऑफने तपासून त्यातील नाव वाचायला गेलो आणि तो सदस्य सापडला नसल्याने सर्व्हरने नल पाठवलेला असला, तर तपासणी पार पडते आणि पुढच्याच ओळीत कोड कोसळतो.

याद्या, म्हणजे अ‍ॅरे, यांनाही टाइपऑफ "ऑब्जेक्ट" म्हणते. तारीख, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा तपासणारा नियम), तसेच मॅप आणि सेट हे मूल्यांचे संग्रह यांचेही तेच. सर्वांत फसवे उदाहरण नॅन या मूल्याचे आहे. ज्या आकडेमोडीतून अर्थपूर्ण संख्या निघत नाही, तिचे उत्तर म्हणून नॅन मिळते, परंतु त्याचा टाइप मात्र "नंबर" असाच येतो. एखादे मूल्य नंबर आहे एवढे कळल्याने ते हिशेबात वापरण्याजोगे आहे, असे मुळीच ठरत नाही.

तिसरी पायरी: प्रत्येक शंकेसाठी तिचाच प्रश्न विचारा

टाइप तपासताना "हे काय आहे?" असा मोघम प्रश्न विचारण्यापेक्षा "मला पुढच्या ओळीत जे करायचे आहे, ते या मूल्यावर करता येईल का?" असा प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे. नल ओळखायचा असेल तर टाइपऑफ बाजूला ठेवून तीन बरोबर चिन्हांनी थेट तुलना करावी: सदस्य === नल. नल आणि अनडिफाइन्ड या दोन्ही शक्यता एकत्र तपासायच्या असतील तर सदस्य == नल अशी दोन चिन्हांची तुलना चालते. दोन चिन्हांची तुलना मूल्यांचे आपोआप रूपांतर करते म्हणून ती एरवी टाळावी, परंतु या एका ठिकाणी ती नेमकी आणि सोयीची आहे.

यादी तपासण्यासाठी २००९ च्या आवृत्तीपासून अ‍ॅरे.इझअ‍ॅरे हे फंक्शन उपलब्ध आहे. ते लिहिताना टिंबाआधीच्या अ‍ॅरेचे पहिले अक्षर कॅपिटल, टिंबानंतरचे इझ पूर्ण स्मॉल आणि त्याला चिकटलेल्या दुसऱ्या अ‍ॅरेचे पहिले अक्षर पुन्हा कॅपिटल ठेवावे. सदस्यांच्या यादीवर लूप चालवण्याआधी ही एक ओळ लिहिली, तर सर्व्हरने यादीऐवजी त्रुटीचा निरोप पाठवला असतानाही पान पांढरे पडत नाही. साधा ऑब्जेक्ट हवा असेल तर तीन अटी एकत्र लावाव्यात: टाइपऑफचे उत्तर "ऑब्जेक्ट" असावे, मूल्य नल नसावे आणि ते अ‍ॅरेही नसावे.

इन्स्टन्सऑफ हा ऑपरेटर एखादे मूल्य विशिष्ट क्लासपासून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करण्याच्या साच्यापासून, तयार झाले आहे का, ते सांगतो. तारखेसाठी आणि स्वतः लिहिलेल्या क्लाससाठी तो चांगला आहे. मात्र त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. पानात आयफ्रेम, म्हणजे दुसरे पान दाखवणारी चौकट, असेल तर त्या चौकटीला स्वतःचा वेगळा अ‍ॅरे आणि वेगळा डेट असतो, त्यामुळे तिथून आलेली खरीखुरी यादी बाहेरच्या पानातील अ‍ॅरेशी इन्स्टन्सऑफने तपासली तर उत्तर खोटे येते. अ‍ॅरे.इझअ‍ॅरे या परिस्थितीतही बरोबर उत्तर देते. शिवाय तारखेच्या बाबतीत टाइप बरोबर असूनही आतील तारीख अवैध असू शकते. अर्थहीन मजकुरापासून तारीख तयार केली तरी ऑब्जेक्ट मिळतोच, फक्त त्याच्या गेटटाइम या मेथडचे (तारखेचा आकडा देणाऱ्या, ऑब्जेक्टच्या स्वतःच्या फंक्शनचे) उत्तर नॅन येते. म्हणून तारखेची तपासणी गेटटाइमचे उत्तर पाहिल्याशिवाय पुरी झाली असे मानू नये.

चौथी पायरी: रकान्यातील मजकुराची संख्या करताना सावध राहा

नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी याच ठिकाणी येतात, म्हणून इथे थोडे थांबू. रकान्याला नंबर हा प्रकार दिला असला तरी त्याच्या व्हॅल्यू या गुणधर्मातून स्ट्रिंगच मिळते. अशा रकान्यात काही अवैध लिहिले गेले तर व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग होते, त्यामुळे रकाना रिकामा सोडला आहे की चुकीचा भरला आहे, हे केवळ व्हॅल्यू पाहून कळत नाही. व्हॅल्यूअ‍ॅझनंबर हा गुणधर्म थेट संख्या देतो आणि संख्या नसेल तर नॅन देतो.

रूपांतरासाठी नंबर हे फंक्शन वापरतात, त्याचे पहिले अक्षर कॅपिटल असते. ते पूर्ण स्ट्रिंग संख्या आहे का, हे पाहते, म्हणून "२५०० रु." असा मजकूर दिल्यास नॅन देते. हे चांगलेच आहे. परंतु रिकामी स्ट्रिंग, नुसत्या मोकळ्या जागा, नल आणि रिकामी यादी या सर्वांसाठी ते शून्य देते, आणि ट्रूसाठी एक. ज्या सदस्याने रकाना भरलाच नाही त्याचे शुल्क शून्य धरले जाणे, हा हिशेबातील गंभीर दोष आहे, म्हणून रूपांतराच्या आधी ट्रिम करून, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढून, स्ट्रिंग रिकामी नाही ना, हे पाहावे.

पार्सइंट (पूर्णांक वाचणारे) आणि पार्सफ्लोट (दशांशही वाचणारे) या फंक्शनांचा स्वभाव निराळा आहे. ते सुरुवातीपासून जितके अंक वाचता येतील तितके वाचतात आणि पहिल्या न समजणाऱ्या चिन्हापाशी थांबतात. "२५०० रु." मधून त्यांना २५०० मिळतात, ते सोयीचे वाटते. पण आपल्याकडे लोक मोठी रक्कम लिहिताना स्वल्पविराम देतात, आणि "१,२५,०००" या मजकुरातून पार्सइंटला फक्त १ मिळतो. सव्वा लाखाचा एक रुपया झाला तरी कुठलीही त्रुटी दिसत नाही. नंबर फंक्शन याच मजकुरासाठी निदान नॅन तरी देते. पैशांच्या रकान्यासाठी पार्सइंट वापरू नये, असे मी नेहमी सुचवतो.

मराठी वापरकर्त्यांसाठी पान तयार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वापरकर्त्याने मोबाइलवरील मराठी कीबोर्डमधून देवनागरी अंक टंकले, तर नंबर आणि पार्सइंट ही दोन्ही फंक्शने नॅन देतात, कारण जावास्क्रिप्टला संख्या म्हणून केवळ इंग्रजी अंक कळतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील अंकासाठीचे लघुचिन्हही देवनागरी अंक ओळखत नाही. यावर उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे, म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. रिप्लेस या मेथडने हे सर्व अंक बदलून घ्यावेत, स्वल्पविराम काढून टाकावेत आणि मगच तपासणी करावी. सदस्याला चुकीच्या अंकांबद्दल दटावण्यापेक्षा हे काम कोडने करणे अधिक योग्य आहे.

उलट दिशेनेही हीच गाठ पडते. टूलोकेलस्ट्रिंग या मेथडला मराठी भाषेचा संकेत दिला की १२५००० ही संख्या देवनागरी अंकांत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह दिसते. हे दाखवण्यासाठी उत्तम आहे, परंतु ते उत्तर स्ट्रिंग असते. दाखवलेला मजकूर पानावरून पुन्हा वाचून त्यावर हिशेब करू नये, मूळ संख्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवावी.

रूपांतर झाल्यावर शेवटची तपासणी करावी. नॅन हे स्वतःशीही समान नसते, त्यामुळे नॅन === नॅन ही तुलना खोटी ठरते आणि त्यासाठी वेगळे फंक्शन लागते. नुसते इझनॅन वापरू नये, कारण ते आधी मूल्याचे संख्येत रूपांतर करते आणि साध्या शब्दालाही नॅन ठरवते. नंबर.इझनॅन रूपांतर न करता खरोखरच्या नॅनलाच होकार देते. मी मात्र बहुतेक ठिकाणी नंबर.इझफायनाइट पसंत करतो, कारण ते नॅन आणि अनंत या दोन्हींना एकदमच नाकारते आणि स्ट्रिंगलाही संख्या मानत नाही. फ्लॅटची संख्या किंवा महिन्यांची संख्या यांसारख्या ठिकाणी पूर्णांक हवा असेल तर नंबर.इझइंटिजर वापरावे.

पाचवी पायरी: जे मोजायचे नाही त्याची संख्या करू नका

मोबाइल क्रमांक, पिनकोड, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक यांत अंक असतात, पण त्यांची कोणी बेरीज करत नाही. ही मूल्ये स्ट्रिंगच ठेवावीत. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर संख्येत रूपांतर होताच पुढची शून्ये नाहीशी होतात. त्याहून मोठी अडचण अशी की, जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने जपू शकतो. त्याच्या पुढचा, ९९३ ने संपणारा आकडा लिहून पाहिला तर कन्सोल ९९२ ने संपणारा आकडा परत दाखवतो. लांब खाते क्रमांकाचा शेवटचा अंक असा बदलला, तर पैसे भलत्याच खात्याकडे निघतील.

अशा मूल्यांसाठी दोन गोष्टी पाहाव्यात: टाइपऑफ "स्ट्रिंग" आहे का आणि मजकुराचा साचा बरोबर आहे का. पिनकोडसाठी पहिला अंक १ ते ९ पैकी आणि त्यापुढे पाच अंक, असा नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एका ओळीत बसतो.

सहावी पायरी: साठवलेल्या आणि बाहेरून आलेल्या मूल्यांवर विश्वास ठेवू नका

ब्राउझरचे लोकलस्टोरेज, म्हणजे पान बंद केल्यावरही माहिती जपणारी जागा, फक्त स्ट्रिंग साठवते. त्यात फॉल्स ठेवले तर परत येताना "फॉल्स" हा शब्द येतो, आणि कोणतीही रिकामी नसलेली स्ट्रिंग अटीमध्ये खरी मानली जात असल्यामुळे "थकबाकी आहे का" या प्रश्नाचे नाही हे उत्तर दुसऱ्या दिवशी होय होऊन बसते. ठेवताना मूल्याचा जेसन हा मजकुरी नमुना करणारे जेसन.स्ट्रिंगिफाय आणि काढताना त्यापासून पुन्हा मूल्य करणारे जेसन.पार्स वापरल्यास बूलियन व संख्या आपापल्या टाइपसह परत मिळतात. नोंद मुळात नसेल तर ती वाचणारे गेटआयटम नल देते, हेही तपासावे. जेसनमध्ये तारखेसाठी वेगळा टाइप नाही, त्यामुळे तारीख परत येताना स्ट्रिंग होऊन येते. नॅनच्या जागी नल येतो आणि अनडिफाइन्ड असलेला गुणधर्म ऑब्जेक्टमधून गळून जातो.

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप लिहिण्याची सोय असलेले जावास्क्रिप्टचे रूप, शिकल्यावर या साऱ्याची गरज उरत नाही, असा समज अनेकांचा होतो. टाइपस्क्रिप्ट कोड लिहितानाच्या चुका फार चांगल्या पकडते आणि ती जरूर शिकावी, परंतु तिचे सर्व टाइप जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना पुसले जातात. पान ब्राउझरमध्ये चालू असताना सर्व्हरने काय पाठवले, हे पाहायला ती तिथे नसते. म्हणून बाहेरून आलेल्या मूल्याला टाइपस्क्रिप्टमधील अननोन (अज्ञात) हा टाइप द्यावा आणि वर सांगितलेल्या तपासण्यांतून पार पडल्यावरच त्याला नेमका टाइप मिळू द्यावा.

ब्राउझरमधील तपासणी वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते आणि ती कोणालाही टाळता येते, त्यामुळे हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल तर तिथेही फॉर्ममधील मजकूर स्ट्रिंग म्हणूनच पोहोचतो. त्यामुळे इझ इंट हे फंक्शन "२५००" ला नाही म्हणते आणि इझ न्यूमेरिक होय म्हणते. यांतील फरक ध्यानात न घेता पहिले फंक्शन वापरले तर प्रत्येक सदस्याचा फॉर्म नाकारला जाईल.

सातवी पायरी: तपासणी एका फंक्शनमध्ये लिहा आणि ती वाईट मूल्यांवर चालवून पाहा

रक्कम तपासणारे एकच फंक्शन लिहून ते सगळीकडे वापरावे. त्यातील क्रम असा असावा: मूल्य स्ट्रिंग नसेल तर नल परत करणे, ट्रिम करणे, देवनागरी अंक बदलणे, स्वल्पविराम काढणे, उरलेला मजकूर केवळ अंक आणि हवे असल्यास टिंबानंतर एक किंवा दोन अंक या साच्यात बसतो का ते पाहणे, आणि बसला तरच नंबर फंक्शनला देणे. साच्याची अट अनावश्यक वाटेल, पण ती गाळली तर अंकांच्या मध्ये इंग्रजी ई असलेला "१ई३" हा मजकूर मुकाट्याने १००० होतो.

मग कन्सोलमध्ये या फंक्शनला एकेक मूल्य द्यावे. "२५००", त्याचेच देवनागरी रूप आणि "२,५००" यांतून २५०० ही संख्या मिळाली पाहिजे. रिकामी स्ट्रिंग, तीन मोकळ्या जागा, "२५०० रु.", "१ई३", "-५००", नल, अनडिफाइन्ड आणि रिकामी यादी यांतून नलच मिळाला पाहिजे. प्रत्येक वेळी उत्तराचा टाइपही पाहावा, कारण कन्सोलमध्ये २५०० ही संख्या आणि "२५००" ही स्ट्रिंग यांत अवतरण चिन्हांपुरताच फरक दिसतो. सोसायटी जादा भरलेली रक्कम पुढच्या महिन्यात वळती करत असेल आणि त्यासाठी ऋण आकडा स्वीकारायचा असेल, तर साच्यात उणे चिन्हाला जागा द्यावी, यादीतील "-५००" समोरचे अपेक्षित उत्तर बदलावे आणि सगळी मूल्ये पुन्हा एकदा चालवून पाहावीत.